बाद भोपळे : मिरजेतल्या कामाच्या नोंदी

१२ जानेवारी २०२५

मिरजेत सतार-तंबोरे करणाऱ्या चाचांच्या शेडमधले बाद, म्हणजे वाद्याला न चालणारे भोपळे आज घरी आले. छोटा हत्ती काठोकाठ भरला होता आणि वजन म्हणाल तर पोतंभर चुरमुऱ्यांएवढं. कुणाला देठापासून तडा गेलेला, कुणाला किडीची भोकं, कुणाची एक बाजू जाड तर दुसरी पापडासारखी पातळ. सतारमेकर गल्लीत असा माल प्रत्येक कारखान्याच्या मागे पडून असतो. तो फेकवत नाही, कारण उन्हात वाळवण्यात आणि सांभाळण्यात वेळ गेलेला असतो. वापरताही येत नाही, कारण तारांचा ताण आला की फुटणार.

कामाचा आराखडा एवढाच आहे: तंतुवाद्याच्या कारागिरीतून घरात रोज हाताळायच्या तीन-चार वस्तू. अटी दोन. पहिली, वाद्यासारखं दिसणारं काही करायचं नाही. शोकेसमधली वीतभर सतार, तंबोऱ्याच्या आकाराचं घड्याळ, किल्ल्या अडकवायची वीणा, यातलं काहीही नको. दुसरी, चांगल्या भोपळ्याला हात लावायचा नाही. मोठ्या घेराचा, सारख्या जाडीचा भोपळा मिळणं आधीच अवघड आहे, त्यावर पहिला हक्क तंबोऱ्याचा.

१९ जानेवारी

आज काहीच केलं नाही, कारखान्यात बसून राहिले. चाचा नव्या तंबोऱ्यासाठी भोपळा निवडत होते.

भोपळा मांडीवर घेतात, बोटाचं पेर वाकवून घेराभोवती ठोकत जातात. जाडी बदलते तिथे आवाज बदलतो. मला पहिल्यांदा काहीच फरक कळेना. त्यांनी माझं बोट धरून एकाच जागी ठोकायला लावलं, मग चार बोटं सरकवून पुन्हा. मग कळलं. एक आवाज भरीव, दुसरा चपटा आणि किंचित किनरा. मग भोपळा उचलून देठ आणि बूड एका रेषेत आहेत का ते डोळा मिटून पाहतात. एवढं झालं की मगच गळा कुठला, दांडी केवढी, तबली, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसणारी लाकडी फळी, किती रुंद हे ठरतं. कागदावर एक रेघ नाही. भोपळा आधी, माप नंतर.

आम्हाला शिकवलं ते याच्या बरोबर उलट. आधी ड्रॉइंग, मग त्या ड्रॉइंगला शरण येईल असं मटेरियल. या प्रकल्पात चाचांचाच क्रम पाळायचा. वस्तूचं नाव आधी ठरवायचं नाही.

भोपळा म्हणजे कडू भोपळा, भाजीचा नव्हे. तो येतो सोलापूर जिल्ह्यातून, भीमेकाठच्या पंढरपूर-मंगळवेढा भागातून. मिरजेत तो पिकत नाही आणि लाकूड, तूण म्हणजे लाल रंगाचं हलकं लाकूड, तेही बाहेरचंच. इथलं आहे ते फक्त हातातलं. १८५० च्या सुमारास शिकलगार घराण्यातल्या फरीदसाहेबांनी ही वाद्यं करायला सुरुवात केली असं सांगतात. तलवारींना धार लावणारे, धातू घासणारे हात. पुढे हत्यारांचं काम आटलं आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानात गाण्याला आश्रय होता, तेव्हा हा उद्योग टिकला. अब्दुल करीम खाँसाहेब इथे राहिले, १९३७ मध्ये गेल्यावर इथल्याच दर्ग्यात विसावले. गवयाने जवारी, म्हणजे तारा ज्या घोडीवर टेकतात तिच्या माथ्याची घासणी, तपासून "अजून जरा" म्हणायचं आणि कारागिराने कानस फिरवायची, असं शेजार असलं की धंदा सुधारतोच. २०२४ साली सतार आणि तंबोरा दोन्हींना भौगोलिक मानांकन मिळालं. चाचांना त्याबद्दल विचारलं तर म्हणाले, "चांगलं झालं की. आता पोरं बसली पाहिजेत कामाला."

२ फेब्रुवारी

पहिली कापाकापी.

वाळलेला भोपळा कोरडाच कापला तर करवतीच्या पुढे तडा पळतो. म्हणून आधी भिजवायचा. पिंपात टाकला की तो वर तरंगणार, मग त्यावर दगड ठेवायचा. याच तरंगण्यावर लोक पोहायला शिकले, भोपळ्यांची सांगड बांधून नद्या उतरले. मला मात्र दुपारभर तो बुडवून ठेवायला झटावं लागलं. साल मऊ झाली की पेन्सिलने रेघ मारून बारीक दात्यांचं पातं चालवायचं. आतून निघतो तो पांढरा, कोरडा, भुसभुशीत गर आणि बिया. गर खरवडताना उडणारी धूळ घशाला असली झोंबते की मास्कशिवाय पुन्हा बसणार नाही. जिभेवर एक कण आला तरी संध्याकाळपर्यंत चहा कडू लागतो.

कापलेलं तोंड ओलं असतानाच वळवायचं असतं. चाचा आत बांबूच्या कामट्या आडव्या ताणून बसवतात आणि तसाच भोपळा उन्हात ठेवतात. वाळताना तोंड आक्रसायला बघतं, कामट्या ते होऊ देत नाहीत. गोल तोंड थोडं लांबट करायचं तर एक कामटी मोठी. बस, एवढ्यावर सगळा आकार. साचा नाही, वाफ नाही, यंत्र नाही. पाणी, ऊन आणि चार कामट्या.

या प्रकल्पात उचलण्यासारखी गोष्ट हीच आहे, नक्षी किंवा मोराचं तोंड नव्हे. मी दोन भोपळ्यांची तोंडं मुद्दाम वेगळी ताणली: एक लंबगोल, एक जवळजवळ तिकोनी. तिकोनी अवघड गेलं, कोपऱ्यात बारीक चिरा पडल्या. लंबगोल सुरेख बसलं.

८ फेब्रुवारी

कडूपणाची चाचणी. आतून खरवडलेल्या भोपळ्यात रात्रभर पाणी ठेवलं. सकाळी चाखलं आणि थुंकलं. राखेच्या पाण्याने धुऊन पुन्हा ठेवलं, कमी झाला, गेला नाही. बैराग्याचा तुंबा, म्हणजे भोपळ्याचं पाण्याचं भांडं, वर्षानुवर्षं पाणी पिऊन निवळतो, विकत घेणारा तेवढा थांबणार नाही. ओलं खाद्य बाद. कोरडं धान्य, बियाणं, लसूण, उजेड, एवढ्यावरच काम करायचं.

२३ फेब्रुवारी

तबली बसवायला भोपळ्याची पुढची बाजू कापून काढतात. तो उरलेला तुकडा म्हणजे पसरट, खोलगट ताटली. कारखान्यात त्यांत खिळे, खुंट्या, विड्यांची थोटकं असं काहीही पडलेलं असतं. म्हणजे चाचांकडे या तुकड्याची घरगुती वस्तू आधीच झालेली आहे, फक्त तिच्याकडे कुणी वस्तू म्हणून बघत नाही.

मी कडा कानशीने गोल केल्या, पॉलिश पेपर मारला आणि घरी ओट्यावर ठेवली. आईने दुसऱ्या दिवशी त्यात लसूण ओतला. न विचारता. तिचं म्हणणं, स्टीलच्या भांड्यात लसणाला खालून घाम सुटतो, यात सुटत नाही. पण ताटली डोलते. एक गड्डा उचलला की बाकीचे एका बाजूला घरंगळतात.

पाय लावून पाहिले, घोडीच्या लाकडाचे उरलेले तुकडे चिकटवून. दिसायला ठीक, पण भोपळ्याला खाली टेकवून त्याची गोलाई मारल्यासारखी वाटली. शिवाय चार पाय सपाट ओट्यावर बरे, बाकी कुठेही खडखड. गोल बुडाच्या भांड्याला आपल्याकडे पाय कधी लावले नाहीत. त्याला चुंबळ असते. घागरीखाली, मडक्याखाली, डोक्यावर, सगळीकडे तीच. चुंबळ कशाची करायची हे आता शोधायचं.

९ मार्च

पॉलिशचा दिवस. चाचांचे पुतणे शिकवत होते.

चपडा लाख स्पिरिटमध्ये रात्रभर विरघळवायची, फडक्यातून गाळायची. कापसाचा गोळा सुती कापडात गुंडाळून बोळा करायचा. बोळा लाखेत बुडवून नुसता पुसायचा नाही, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत ठेवायचा. एका जागी क्षणभर थांबला तर खालचा थर उचलून येतो. स्पिरिट उडत जातं, लाख राहते. पहिले थर भोपळा पिऊन टाकतो आणि काहीच केलं नसल्यासारखा बघत राहतो. मग अचानक एका थराला आतून उजेड आल्यासारखा मधाळ रंग वर येतो. पुतण्यांनी त्या क्षणी बोळा माझ्या हातातून काढून घेतला. "आता थांब. उद्या."

लाख निवडायला कारण आहे. ती औषधाच्या गोळ्यांच्या आणि मिठायांच्या आवरणातही वापरतात, त्यामुळे धान्याला लागली तर भीती नाही. आणि खराब झाली तर स्पिरिटचा बोळा फिरवून तिथल्या तिथे दुरुस्त होते. बाजारचं पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश यापेक्षा टणक असतं, पण गेलं की सगळं खरवडावं लागतं. लाखेची खोडी म्हणजे उष्णता आणि पाणी. गरम चहाचा कप ठेवला की पांढरा गोल उमटलाच.

एक उद्योग माझ्या मनाने केला. सांगलीच्या पेठेतून राजापुरी हळद आणली, स्पिरिटमध्ये भिजवून गाळली आणि ते पिवळंजर्द पाणी लाखेत मिसळलं. हळदीचा रंग स्पिरिटमध्ये छान उतरतो. भोपळ्याच्या तुकड्यांवर थर दिले. अर्धा तुकडा पुठ्ठ्याने झाकून गच्चीवर ठेवला. दुसऱ्या तुकड्यावर लाखेआधी चुन्याची निवळी फिरवली. जिथे चुना लागला तिथे पिवळ्याचा लाल झाला. हळदीचं कुंकू याच गुणावर होतं.

२३ मार्च

हळदीचा निकाल. उन्हातली बाजू फिकट, मळकट. पुठ्ठ्याखालची तेवढीच पिवळी. अपेक्षित होतं, पण इतक्या लवकर नव्हतं. म्हणजे दिव्याला आणि खिडकीजवळ राहणाऱ्या कशालाही हळद चालणार नाही.

मग डब्याच्या झाकणाला आतून लावली, अंधारात टिकेल म्हणून. आईने ते झाकण साबणाच्या फडक्याने पुसलं आणि पिवळ्यावर लाल ठिपके उठले. हळदीच्या साडीला साबण लागला की काय होतं हे तिला माहीत असणारच, पण झाकणाला हळद आहे हे मी तिला सांगितलं नव्हतं. साबणातल्या खाराने लाखही मंदावली होती. ग्राहकाला साबण लावू नका असं सांगून स्वयंपाकघर चालत नाही. हळद संपली. वस्तूचा रंग भोपळ्याचा आणि लाखेचा, बाकी काही नाही. मला थोडं वाईट वाटलं, सांगलीच्या माणसाला हळद सोडणं सोपं नसतं.

१३ एप्रिल

जतकडे. ऊन असं की एसटीची दांडी धरवेना.

चुंबळीसाठी घोंगडीची लोकर बघायची होती. जत म्हटलं की माडग्याळ मेंढीचं नाव निघतं, पण ती मटणाची. उंच, बाकदार नाकाची, अंगावर लोकर जेमतेम. घोंगडीला लागते ती काळ्या दख्खनी मेंढीची राठ लोकर. घोंगड्या विणणाऱ्या सणगरांच्या एका घरात माग अजून चालू आहे. आक्का सूत उकलत बसल्या होत्या, त्यांचे मालक खड्ड्यात पाय सोडून मागावर. लोकरीला भाव नाही. मेंढपाळाला कातरणीचा खर्च निघत नाही म्हणून तो कातरलेली लोकर बांधावर टाकून देतो, आणि इकडे घोंगडी मागणारा म्हणतो एवढी महाग कशी.

मागावर ताणा, म्हणजे उभे धागे, संपताना वीत-दोन वीत सूत उरतं, ते विणता येत नाही. कापून टाकतात. त्याचं गाठोडं आक्कांनी माझ्यापुढे ओतलं. काळं, करडं, मध्येच एखादा तांबूस धागा. या ताण्याला चिंचोक्याची खळ लावलेली असते. चिंचोके भाजून, सोलून, भिजवून, वाटून, शिजवून केलेली. खळीने सूत ताठ होतं, मागावर तुटत नाही. उरलेल्या टोकांतही तो ताठपणा असतो आणि म्हणूनच ते चुंबळीला सोयीचं. आक्कांनी बोलता बोलता मूठभर टोकं घेऊन पीळ दिला, गोल केला, शेवट आत खुपसला. चुंबळ तयार. मी जवळचा भोपळ्याचा तुकडा त्यावर ठेवला. हलला नाही.

"अजून खळ लावली की लाकूड होईल बघ," त्या म्हणाल्या.

"आक्का, याचे पैसे किती घ्याल?"

"चुंबळीचे कुणी पैसे घेतं व्हय?"

हा प्रश्न पुढे सोडवावा लागणार आहे. फुकट मिळालेल्या मालावर वस्तू उभी करायची नाही.

२७ एप्रिल

डबा. ज्या भोपळ्याची एक बाजू पातळ म्हणून तो बाद झाला, त्याचाच केला. डब्याला तारांचा ताण नाही, पातळपणाने काही बिघडत नाही.

झाकण कापताना रेघ सरळ घेतली तर ते कुठूनही बसतं आणि कुठेच नीट बसत नाही, कारण भोपळा खरा गोल नसतो. म्हणून रेघेत एक खाच घेतली, नागमोडी, बोटाच्या पेराएवढी. झाकण फक्त एकाच जागी बसतं आणि बसलं की हालत नाही. पातं तिरकं धरलं, आत उतरतं. त्यामुळे झाकणाला आतून पट्टी चिकटवावी लागली नाही.

आणि एक फायदा असा, जो मी योजला नव्हता, आपोआप आला. डब्याला टिचकी मारली की भरलेल्या भागात आवाज मिटतो आणि रिकाम्या भागात घुमतो. वरून खाली टिचक्या मारत आलं की ज्वारी कुठपर्यंत आहे ते कळतं. चाचा भोपळा निवडतात तीच युक्ती. काचेची खिडकी, खूण, पट्टी काही नको. शेजारच्या काकूंना दाखवलं तर त्यांनी उगीचच चारदा वाजवून बघितलं. चांगलं लक्षण.

११ मे

दिवा. सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्ला.

भोपळ्याचा दिवा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे भोकं पाडलेला, भिंतीवर नक्षीच्या सावल्या टाकणारा दिवा येतो. हॉटेलच्या गच्चीवर शोभतो. त्या उजेडात मेथी निवडता येत नाही. मला मेथी निवडता येणारा दिवा हवा होता.

भोपळ्याची साल उजेड आरपार सोडत नाही, मग तिला तो परतवायला लावायचा. लंबगोल तोंडाचा भोपळा उपडा टांगला. तोंडावर तूणची आडवी पट्टी, पट्टीवर पाच वॉटचा एलईडी, तोंड वर करून. आतून चुना दिला. नुसता चुना भुसभुशीत सालीवर धरेना, हात लावला की बोटाला येई. डिंक घातल्यावर धरला. आता बल्ब दिसत नाही, उजेड पांढऱ्या पोकळीत आपटून खाली पसरतो आणि कुठेही टोकदार सावली पडत नाही. एलईडी म्हणूनच हे जमलं. जुना साठ वॉटचा बल्ब लावला असता तर वरची लाख मऊ पडली असती.

उंची बदलता यावी म्हणून खुंटी वापरली. तंबोऱ्याचीच, शिसवी. खुंटी टोकाकडे निमुळती, तिचं भोकही निमुळतं. आत दाबत फिरवली की लाकूड लाकडाला धरतं, ना स्प्रिंग ना स्क्रू. तंबोऱ्याची तार तिला किलोकिलोंनी ओढत असते, माझ्या दिव्याचं वजन एक किलोसुद्धा नाही. दिवा टांगलेली सुती दोरी छतातल्या कडीवरून भिंतीपर्यंत येते आणि तिथल्या लाकडी ठोकळ्यातल्या खुंटीवर गुंडाळली जाते. एक फेरा म्हणजे साधारण सहा सेंटिमीटर. वायर वेगळी, सैल सोडलेली, तिच्यावर भार नाही.

चाचांनी येऊन फिरवून पाहिली. घसरते म्हणाले, खिशातून खडू काढला, खुंटीला चोळला, पुन्हा बसवली. मग दिवा वर-खाली, वर-खाली. "सूर लागला," म्हणाले आणि हसले.

२५ मे

यंदा वळवाने मे महिनाच धुऊन काढला. छत्र्या अजून माळ्यावर आणि घरात कपडे वाळेनात. चाचण्यांसाठी याहून चांगलं हवामान मिळालं नसतं.

डबा ठीक. आतली ज्वारी कोरडी. ताटली ठीक, चुंबळ नाही. तिच्यावर बुरशी धरली, पांढरी, केसाळ. चिंचोक्याची खळ म्हणजे शेवटी खाद्यच, दमट हवेत बुरशीला मेजवानी. बुकबाइंडर खळीत मोरचूद घालतात, कीड-बुरशी लागत नाही, पण ते विष. लसणाच्या ताटलीखाली मोरचूद ठेवणार नाही. आक्कांना फोन केला. त्यांनी सांगितलं, टोकं गरम पाण्यात धुऊन खळ काढून टाक आणि दाभणाने घट्ट टाके घाल. पिळाऐवजी टाक्यांनी धरलेली चुंबळ जास्त वेळ खाते, पण मऊ आहे आणि धुताही येते. तशीच करायची.

खुंटी फुगून आवळली. दोन्ही हातांनी फिरवली तरी कुरकुर करत जेमतेम फिरली. शिसवी म्हणून एवढ्यावर भागलं. ठोकळा तूणचा होता, तो जास्त फुगला. पुढच्या दिव्यांना ठोकळाही शिसवी.

पॉलिशचं काम पूर्ण बंद. दमट हवेत लाख लावली की ती वाळताना पांढरी पडते, ढग आल्यासारखी. मिरजेचे कारखाने पावसात हे काम मागे टाकतात ते उगीच नाही.

१५ जून

चाचांकडे उभं राहायला जागा नाही. वारीच्या वीणांची गर्दी. प्रत्येक दिंडीला वीणा लागते, नवी किंवा दुरुस्त, आणि आषाढी ६ जुलैची असल्याने सगळ्यांना आत्ताच हवी. माझं काम मीच त्यांच्या बाकावरून उचललं.

निघताना तड्यावरून वाद झाला. एका डब्याला बुडाशी तडा होता. आतून सरसाने कापडाची पट्टी चिकटवली, बाहेरून लाकडाचा भुस्सा आणि सरस मिसळून भरला. हल्ली तडा सोन्याने भरून मिरवायची जपानी रीत फार बोलली जाते आणि पुण्यातल्या एका मैत्रिणीने तसंच करायला सुचवलं. चाचांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. "तडा दाखवायचा? लोक म्हणतील मिरजेचा माणूस तडा झाकायलाही विसरला." माझं मत त्यांच्याकडे झुकतं. जपानमध्ये त्या रेघेमागे त्यांचं काहीतरी आहे, इथे तडा बेमालूम झाकणं हीच कसबाची खूण आहे. तडा झाकला. पण बिलावर "दुरुस्त केलेला" असं लिहायचं, ते त्यांनाही पटलं.

किमतीचं. चाचा बाद भोपळ्याचे पैसे घ्यायला तयार नव्हते. मी थोडेच द्यायचे ठरवले, आणि थोडेच द्यायचे यालाही कारण आहे. बादला मोठा भाव आला की उद्या चांगला भोपळाही कुणी "बाद" म्हणून विकेल आणि तंबोऱ्याला भोपळा उरणार नाही. म्हणून मालाचा भाव कमी, मजुरीचा जास्त. पॉलिशची मजुरी वाद्याच्या पॉलिशच्या दराने. चुंबळीची मजुरी आक्कांना टाके घालायला लागणाऱ्या वेळेवर, त्या कितीही नाही म्हणाल्या तरी. वस्तू यामुळे स्वस्त राहत नाही. राहू नये.

२२ जून

पहिला दिवा विश्रामबागेतल्या एका घरी बसवला. वायरमनने खुंटी पाहिली आणि एकच प्रश्न विचारला, "लहान पोराने उपटली तर?" बरोबर बोलला. तंबोऱ्याची खुंटी निसटली तर तार सैल पडते, इथे दिवा डोक्यात पडेल.

तोडगा तंबोऱ्यातच होता. सूर बारीक मिळवायला तारेत मणी ओवतात, वर-खाली सरकवायला. तसाच मोठा लाकडी मणी दोरीत ओवला आणि त्याच्यामागे गाठ मारली. खुंटी निघाली तरी मणी छताच्या कडीत अडकतो आणि दिवा ताटापासून दोन हात वरच राहतो. उपटून पाहिली. दिवा झोका घेऊन थांबला. खुंटीचा ठोकळा तरीही मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर बसवायला सांगितला.

कडीचं भोक मण्यापेक्षा लहानच हवं, हे पुढच्या घरी आधी मोजून जायचं. शिसवी ठोकळे आषाढीनंतर, चाचांचा लेथवाला मोकळा झाला की.